डोक्याला हात लावू नये

माझा मुलगा बाली बेटावर एका हॉटेलात काम करतो. उतरलेल्या पाहुण्यांना तिथल्या चालीरीती समजावून सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग. लग्नही त्याने तिथल्याच मुलीशी केलं, आणि यंदा त्यांना मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात बाळाचा मोठा विधी असतो, त्याला ये म्हणाला आणि फोनवरच मला सूचना द्यायला लागला. दारांसमोर जमिनीवर फुलांचे छोटे द्रोण ठेवलेले असतील, ते ओलांडायचे नाहीत. देवळात कमरेला वस्त्र गुंडाळल्याशिवाय शिरायचं नाही. देणंघेणं उजव्या हाताने. आणि मुख्य म्हणजे कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बाळाच्या तर नाहीच.

"अरे, देवाच्या फुलांवर पाय देऊ नये हे तुला शिकवलं कोणी?" मी म्हणाले.

तो हसला आणि पुढची सूचना सांगू लागला. पाहुण्यांशी बोलतो तोच गोड, पाठ केलेला आवाज.

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. नोकरी शाळेत झाली, त्यामुळे जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावली. आता शिस्त लावायला घरात मांजरसुद्धा नाही. नवरा गेल्यावर दुपार कशी घालवायची तेच कळेनासं झालं होतं. नातीची बातमी आली आणि मी मशीन उघडलं. जांभळ्या खणाची कुंची शिवली, आत माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर. कानाला गार वारा लागू नये म्हणून आपण बाळाला घालतो तीच. त्या बेटावर गार वारा कुठला म्हणा! खाली राहुरीकडची शेजारीण राहते, ती कुंची उलटीपालटी करून बघत म्हणाली, "लई झ्याक झालीया, काकू. नातीला घातली की फोटू दावा मला."

डोक्याला हात न लावता कुंची घालायची कशी, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण नियम प्रवाशांसाठी असतात, आजीला कोण विचारतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिथे मात्र मी शहाण्यासारखी वागले. द्रोण दिसला की वळसा घालायचे. उजव्या हाताने घेऊन उजव्या हाताने द्यायचे. घरात माणसांची ही गर्दी, आणि मला कुणाचीच भाषा कळेना. विहीणबाई मला बघून हसायच्या, मी त्यांना बघून हसायचे. त्या घरात बाळाला तीन महिने जमिनीला टेकवत नाहीत. ते सतत या कडेवरून त्या कडेवर. माझ्याकडेही द्यायचे, पण शेजारी कुणीतरी उभं राहायचं.

विधीच्या दिवशी पुजारी आले, घंटा वाजली, पाणी शिंपडलं. मग नातीचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकवले. इवलीशी बोटं तिने आखडून घेतली. अगदी माझ्या मुलासारखी. मला राहवलंच नाही. पुढे झाले, दोन्ही हात तिच्या डोक्यावरून गालांवर उतरवले आणि माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दृष्ट लागू नये म्हणून आपण करतो तसं. सगळी बोटं वाजली.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, डोक्याला नाही." मग तो सगळ्यांकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. आवाज तोच, हॉटेलातला. विहीणबाईंनी लगेच माझा हात धरला, खूप हसल्या, मला खायला आणून दिलं. कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. पाहुणे चुकायचेच, असं समजून त्यांनी सोडून दिलं.

मला रडूच आलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्यांच्या जागी असते आणि माझ्या विहिणीने काही भलतंच केलं असतं, तर तिला दोन शब्द सुनावले असते. घरच्या माणसाला सुनावतात. कुंची मी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

परत आल्यावर शेजारीण जिन्यातच भेटली. "कुंची बसली का वं, काकू?"

"अगदी मापात," मी म्हणाले. "फोटो काढायचाच राहिला."

"आसू द्या. फुडल्या येळी काढा."

परवा संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. नात आता हसते. आजूबाजूला सगळी मंडळी होती, म्हणून मी हात मांडीवरच ठेवले. कॉल संपल्यावर त्याने पाठवलेला तिचा फोटो उघडला, फोनच्या काचेवरून दोन्ही हात उतरवले आणि बोटं कानशिलांवर दाबली. एकही वाजलं नाही.