आकडा न देणारा माणूस

बुऱ्हाणपूरच्या कापूस बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका उपरण्याखाली जाई, बोटं दाबली जात आणि सौदा ठरे. भोवतीच्यांना कळू नये म्हणून ते उपरणं. भोवतीचे अर्थातच खांद्यांच्या हालचालीवरून अंदाज बांधत. बोटांत आकडे वाचायची सवय त्या गावाला अशी जुनी होती.

मी तिथं नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. राज्यपुनर्रचनेच्या आधीची ती वर्षं. गाव मराठी मुलखात जाणार की हिंदी, यावर सभा होत आणि मी त्यांच्या बातम्या पाठवी. रोजचं नेमलेलं काम मात्र एकच, रुईचा भाव तारेनं कळवणं. खोली भाड्याची होती. गावात नात्याचं कोणी नव्हतं. तार दिल्यानंतर दिवसभर कोणाशी बोलायचं, हा प्रश्न मला रोज पडे.

भाव मला एक व्यापारी सांगत. पन्नाशी उलटलेले, विधुर. एकुलती मुलगी जळगावला दिलेली. बाजार त्यांना शेठ म्हणे, मी काका म्हणत असे. ते मुंबईच्या दलालामार्फत वायद्याचे सौदे करत. पुढं द्यायच्या-घ्यायच्या रुईचा भाव आज बांधायचा, आणि दरम्यान तो चढला-उतरला की नफा किंवा तोटा. सौदा करण्याआधी ते जवळच्या निंबोल्याला, इच्छापूरला जाऊन शेतं पाहत, बोंड फोडून तंतू ओढून बघत. त्यांची एक रीत होती. सौद्यात शिरण्याआधी कोणत्या भावाला बाहेर पडायचं, ती हद्द ते दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवत. पूर्वी बायकोला सांगत. ती गेल्यावर मला सांगू लागले.

"तुला व्यापारातलं काही कळत नाही, म्हणून तू बरा," ते म्हणाले होते. "सल्ला देणार नाहीस. फक्त ऐकशील. एकदा सांगितलं की मग मला स्वतःशी खोटं बोलता येत नाही."

भाव त्या जागी उतरला की ते तोटा घेऊन मोकळे होत. कुरकुर नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट सौदा नाही. मी हे अनेकदा पाहिलं.

गावात कापसाचा दुसराही एक धंदा चाले. न्यूयॉर्कच्या बाजारात रुईचा भाव काय निघाला ते मुंबईला कळे आणि सकाळी गावात पोचे. त्या भावाचा शेवटचा आकडा शून्य ते नऊपैकी कोणता येईल, यावर लोक पैसे लावत. पानवाले, शिक्षक, कचेरीतले कारकून, कोणीही. दोन्ही धंदे रुईच्या भावावरच चालत. मग फरक काय, असं मी काकांना एकदा विचारलं.

"मी बोंड बघून येतो," ते म्हणाले. "आकड्याचं बोंड कुठल्या शेतात येतं?"

बाजार उठल्यावर काका चौकातल्या हॉटेलात बसत. दोन-तीन जुने व्यापारी, मी, चहा आणि एक तास गप्पा. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळं हा तास ते चुकवत नसत. एका संध्याकाळी त्यांनी चार बोटं वर करून चहा मागवला. हॉटेलवाल्यानं चहा आणला आणि गुपचूप चारवर पैसे लावले. सकाळी चार आला.

त्यानंतरचा बदल आधी थट्टेचा होता. "काय शेठ, आज कितीचा चहा?" काकाही हसत. मग त्यांनी हात वर करणं सोडलं आणि नुसतं "चहा आण" म्हणू लागले.

"किती, शेठ?"

"माणसं मोज."

मग लोक बाकावरची माणसं मोजू लागले. एकदा पलीकडच्या टेबलावरून एक कारकून मला म्हणाला, "पत्रकारभाऊ, तुम्ही जरा उठा ना. चार होऊ द्या. मी चार लावून बसलोय."

"लावल्यावर कसं चालेल?" दुसरा म्हणाला. "आधी बसले तोच इशारा."

त्यावर त्या दोघांचं भांडण झालं. बाकावरचे जुने व्यापारीही हळूहळू काकांच्या बोलण्याकडे कमी आणि हाताकडे जास्त बघू लागले. एके दिवशी त्यांच्यातल्या एकानं, तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसानं, विचारलं, "मला तरी खरं सांग ना यार." काका त्या हॉटेलात परत गेले नाहीत.

मी काकांच्या पेढीवर जात राहिलो. बाहेर पडलो की दोघं-तिघं उभे असत.

"काय बोलले?"

"रुईचा भाव."

"तो तर सबको मालूम. निघताना काय बोलले?"

"पाऊस लांबला म्हणाले."

"लांबला," एक जण विचार करत म्हणाला. "लांब म्हणजे काडी. एक."

पुढं पेढीच्या खिडकीखाली लोक बसू लागले. काका मला सौद्याची हद्द सांगत, तो आकडाच असे. एकदा त्यांनी ती सकाळी सांगितली आणि दुपारी सगळा बाजार ती बोलत होता. शेठ कोणत्या भावाला विकणार हे इतर व्यापाऱ्यांना आधीच कळलं. त्यानंतर काकांनी मला हद्द सांगणं बंद केलं. आम्ही पिकाबद्दल बोलायचो, नाहीतर गप्प बसायचो.

"एकदा चुकीचा आकडा देऊन टाका," मी म्हणालो. "सगळे बुडतील. परत येणार नाहीत."

"चुकीचा कोणता?"

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"वायद्यात चुकायचं ठरवलं तर मी नक्की चुकून दाखवीन," ते म्हणाले. "इथं मुद्दाम चुकायचीही सोय नाही."

तरी दसऱ्यानंतर त्यांनी ते केलं. भर बाजारात थांबून, जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ." पुष्कळांनी आठ लावला. सकाळी दोन आला.

मी आनंदानं पेढीवर निघालो. वाटेत हॉटेलवाल्यानं हाक मारली. तोही बुडाला होता, पण चेहरा उजळलेला.

"भाऊ, शेठनी बरोबर सांगितलं होतं. आपणच गाढव. आठ म्हणताना डावा हात वर होता त्यांचा. डावा म्हणजे उलटा. दहातून आठ गेले, उरले किती?"

दोनवर कोणीच पैसे लावले नव्हते. तरी त्या दिवशी पेढीसमोर आधीपेक्षा जास्त माणसं होती.

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "नुकसान झालं की माणूस काहीतरी शिकतो, असं मी धरून चाललो होतो."

त्या हंगामात त्यांनी तेजीचा सौदा केला होता. भाव उतरू लागला. मी दलालाच्या तारा येताना पाहत होतो. काका पेढीवर बसून होते आणि विकत नव्हते. शेवटी विकलं तेव्हा तोटा त्यांच्या आजवरच्या कोणत्याही तोट्याहून मोठा होता.

"हद्द मनात ठरवली होती," ते म्हणाले. "भाव तिथं आला तेव्हा मनानं दुसरी ठरवली. मग तिसरी. ऐकणारं कोणी नव्हतं." मग म्हणाले, "आता माझ्यात आणि त्या खिडकीखालच्यांत काय फरक राहिला, सांग."

त्यांनी पेढी बंद केली. तोवर नकाशा ठरला होता. बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि नागपूर दुसऱ्या राज्यात. माझ्या दैनिकानं कळवलं की आता तिथल्या फार बातम्या नकोत, भाव पाठवत राहा. काका मुलीकडे जायला निघाले.

"स्टेशनवर येऊ नकोस," ते म्हणाले. "तू आलास की तुझ्यामागं दहा जण येतील."

मी गेलो नाही. त्यांची गाडी कोणती होती, ते मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा मागवला. हॉटेलवाला कप ठेवून तिथंच थांबला.

"शेठ कितव्या डब्यात बसले?"

"मी गेलो नव्हतो."

"आता तरी सांगा ना, भाऊ. ते तर गेले."

"खरंच गेलो नव्हतो."

तो हसला आणि गल्ल्याजवळच्या माणसाला म्हणाला, "नाही सांगत. याला देऊन गेलेत ते."

माझ्यासमोरचा बाक रिकामा होता. दोघं जण उठून त्यावर येऊन बसले. माझ्या हाताकडे बघत राहिले.