तात्यांची टाच

उसाला दारं धरावीत ती माझ्या वडिलांच्या मावसभावानं, तात्यांनीच, बाकीचे नुसता चिखल करतात. हे मत माझं नव्हे, त्यांचं स्वतःचंच. खोऱ्यानं एका सरीचं तोंड उघडायचं, पाणी टोकाला पोचलं की ते बुजवून दुसरीचं उघडायचं, एवढंच ते काम. पण तात्या ते अशा तोऱ्यात करत, की पाणी जणू त्यांच्या परवानगीनंच उताराला लागतंय. पायात वहाण कधी नाही. रानात टाच रोवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "परवा द्या पाणी." माझ्या लग्नाच्या मांडवातही त्यांनी टाच रोवली, "हितं वल कमी हाय," म्हणाले आणि कुणी अडवायच्या आत अर्धी घागर ओतून मोकळे! नवरदेव मी, चिखल तुडवत बोहल्यावर चढलो.

गेल्या वर्षी निरवांगीच्या रानात मी ठिबक केलं आणि मातीची ओल मोजणारं, खुंट्यासारखं जमिनीत रोवायचं यंत्र बसवलं. ओल घटली की ते मोबाईलला कळवतं आणि मोटार आपोआप चालू होते. पाठोपाठ शेजारच्या तिघांनीही तेच केलं. म्हणजे चार घरांची दारं धरणारा माणूस साठीला टेकता टेकता बेकार झाला. हे त्यांना सांगायला मी गेलो आणि नुसताच चहा पीत बसलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या खुंट्याला टाच हाय का?"

"न्हाय, तात्या."

"मग?"



पुढं आठवडाभर मोबाईल एकच सांगत होता, ओल भरपूर. मोटार ढिम्म. मी इंदापुरात शाळेवर, रानात जायला रविवार उजाडावा लागतो. पाणी वाचतंय म्हणून मी खूश. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी शंका आली नाही, इतका मी शिकलेला!

रविवारी सकाळी तात्या खांद्यावर खोरं टाकून दारात हजर. "मास्तर, चल रानात." जाऊन बघतो तर उसाच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या.

"रोज त्या खुंट्याच्या बुडाला तांब्याभर पाणी वततोय मी," तात्या मान खाली घालून म्हणाले. "म्हनलं, यंत्र खोटं पडंल, तू मला बोलावशील."

"अहो, मग आज का सांगताय?"

त्यांनी एका पानावरून हात फिरवला. "यंत्राला फसवलं रं. पर ह्याला काय सांगू, तुला तान लागली न्हाय म्हनून?"

मला संताप आला होता, पण तो कुठल्या कुठं गेला. दारं धरायचं काम काही परत येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी मोबाईलवरून मोटार चालू केली. तात्यांनी खोरं खाली ठेवलं, उसाच्या बुडाशी टाच रोवली आणि डोळे मिटले. मोबाईल लगेच वाजला, पाणी सुटलं. मी तो गुपचूप खिशात घातला.

बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "आलं."

"व्हय का, तात्या?" मी म्हणालो.