हिरव्या रंगाखालचा नंबर

दारावर नंबर टाकायचं काम माझं होतं. पत्र्याचा कापलेला साचा दारावर धरायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, रजिस्टरात नाव लिहायचं आणि पुढच्या झोपडीकडे वळायचं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. जोगेश्वरीच्या नाल्याकाठच्या वस्तीत मी एक अख्खा उन्हाळा हेच केलं. नाला रुंद करायला एका परदेशी बँकेने कर्ज दिलं होतं. ज्याची झोपडी जाईल त्याला चारकोपला जमिनीचा तुकडा मिळालाच पाहिजे, अशी बँकेची अट होती. नंबर असेल त्याला तुकडा, नसेल त्याने आपला रस्ता धरावा.

वस्तीच्या टोकाला सावंतवाडीकडची एक बाई राहायची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून चार घरची भांडी घासून ती दोन मुलींचं करत होती. मी त्या बाजूला गेलो की चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. गणपतीच्या आठवडाभर आधी तिने दारात हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला होता. कोकणी माणूस एक वेळ उपाशी राहील, पण गणपतीला घर रंगवल्याशिवाय राहायचा नाही.

"भाऊ, दाराक रंग काढूचो हा," ती म्हणाली. "हो नंबर झाकलो तर चलात मां?"

"बिनधास्त रंगवा हो," मी तिचाच चहा पीत म्हणालो. "रजिस्टरात आहे ना तुमचं नाव! दारावरचा नंबर आमच्या सोयीसाठी."

नियम काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. 'विचारून सांगतो' एवढं म्हणता आलं असतं. पण टेंपररी कारकुनाला साहेब म्हणून कुणी विचारत होतं, आणि तो रुबाब मला सोडवेना.

दिवाळीनंतर फेरतपासणी आली. रजिस्टरात खोटी नावं घुसली आहेत अशी तक्रार झाली होती, म्हणून आता नाव आणि दारावरचा नंबर, दोन्ही जुळायला हवे होते. तिच्या कोऱ्या हिरव्या दारासमोर आमचे साहेब थांबले. ती धावत आत गेली, विळी घेऊन आली आणि आमच्यादेखत दार खरवडायला लागली. रंगाबरोबर लाकडाचे कपचे निघाले आणि त्यातून काळ्या रंगाचा एक फरांटा दिसला.

"हा नंबर आहे होय? ओरखडा आहे नुसता," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

मी शेजारीच रजिस्टर घेऊन उभा होतो. 'नंबर मी स्वतः टाकला होता, माझ्याच सांगण्यावरून तो झाकला गेला,' एवढं लिहून खाली सही केली असती तर काम झालं असतं. संध्याकाळी बरोबरच्या कारकुनाला हे बोललो, तर तो म्हणाला, "येडा आहेस का रे? तुझी कायम करायची ऑर्डर टेबलावर पडलीय. वाट लागेल यार, गप्प बस." त्याला मी दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर त्याच्याकडे गेलो होतो.

पुढे बँकेची माणसं पाहणीला आली. लोकांचं काय म्हणणं आहे ते थेट लोकांकडून ऐकायचं, असा त्यांचा आग्रह होता. साहेबांचं इंग्रजी फायलीपुरतं, म्हणून मिशनच्या शाळेत शिकलेल्या मला दुभाष्या केलं. बँकेची एक गोरी बाई वही उघडून पत्र्याच्या खुर्चीवर बसली. पाण्याचं, संडासाचं, चारकोपहून कामाला यायला लागणाऱ्या वेळाचं, लोकांनी जे सांगितलं ते सगळं मी इमानदारीने इंग्रजीत सांगितलं. मग हिरव्या दारवाली ती सावंतवाडीची बाई उठली. तिने डोक्यावरून पदर घेतला, माझ्याकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाली, "ह्या भाऊंनीच माका सांगल्यानी, रंग काढलास तरी चलात म्हणान. माझी काय चूक? माका जागा देवा."

साहेब माझ्याकडे बघत होते. गोऱ्या बाईने विचारलं, काय म्हणते ही?

मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, या भाऊंनी आम्हाला खूप मदत केली."

गोरी बाई प्रसन्न हसली, वहीत काहीतरी लिहिलं आणि उठून माझा हात हातात घेतला. बोट माझ्याकडे आणि सूर तक्रारीचा, हे गोऱ्या बाईलाही कळत होतंच. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. बँकेने वर्षानुवर्षं असंच ऐकलं असणार, हे मला आज कळतं आणि संतापही येतो. पण तो संताप मी कुठल्या तोंडाने करू? इकडे सावंतवाडीच्या बाईला वाटलं, आपलं काम झालं. तिने त्या गोऱ्या बाईला हात जोडले.

महिन्याभरात मी कायम झालो. उन्हाळ्यात वस्ती तोडली. नंबरवाल्यांचं सामान चारकोपच्या ट्रकमध्ये चढत होतं. मी यादी घेऊन ट्रकपाशी उभा होतो. ती मुलींना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. शेजारी ते हिरवं दार भिंतीला टेकवलेलं होतं, खरवडलेली बाजू बाहेर करून. मला टाळायचं होतं, पण तिनेच हाक मारली.

"भाऊ, तुमी त्या बाईक सांगलात मां सगळा?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मग ती इसारली आसतली. इतक्या माणसांचा ऐकलल्यान, खयचा लक्षात रवतला?" आणि मलाच समजावत म्हणाली, "तुमी मनाक लावन घेव नकात. तुमी तुमचा काम केलात."