उंदरांच्या बेटाची बोट

आमचं कळंबला कृषी केंद्र आहे. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने जिल्ह्याचा कापूस पोखरला, त्याच वर्षी पोळ्यानंतर बियाण्याच्या कंपनीने आम्हा दुकानदारांना जोडीने तुर्कस्तानात, अंताल्याला नेलं. इकडे गिऱ्हाइकं दुकानात येऊन शिव्या घालत होती आणि आम्ही बॅगा भरत होतो. पण मी कधी समुद्र पाहिला नव्हता. गेले.

दोन दिवस नुसते दगड पाहिले. रोमन वेस, रोमन पाट, रोमन नाट्यगृह. पुरुषमंडळी मिळेल त्या पायरीवर बसून गावाकडे फोन लावत. माझं लक्ष शेवटच्या दुपारकडे. जुन्या बंदरातून बोट निघणार, उंदरांचं बेट म्हणतात त्याला वळसा घालणार आणि कड्यावरून थेट समुद्रात पडणारा धबधबा दाखवणार. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचं विमान.

नाट्यगृहाहून बंदराकडे निघालो आणि रस्त्याकडेला कपाशी दिसली. "रोको, रोको!" करत आधी आमचे हेच उतरले, मागोमाग सगळे. नव्या बुटांसकट वावरात. बोंड तोडायचं, फोडायचं, आत पाहायचं, फेकायचं.

"अहो, बोट सुटते ना!"

"थांब ना व जराशी. एकाबी बोंडात अळी नाही!"

"लोकाईचं वावर हाय थे. पुसलं का कोणाले?"

"पुसू कोन्त्या भाषेत?"

तेवढ्यात ट्रॅक्टरवर मालक आला. आता हाणतो, असंच वाटलं. यांनी मोबाइलवर आपलं किडकं बोंड दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना झाडाखाली चहाला बसवलं. झालं! आता हे उठतात कशाला?

मी बसमध्ये चढले. "यायचं आहे त्या चला." सगळ्या बायका आल्या. कंपनीने सोबत दिलेला गाइड घाबरला. त्याला हिंदीत सांगितलं, "उनको कपास में रहने दो. हॉटेल इसीच रस्ते पे है, लौटते टाइम उठाएंगे."

बोट मिळाली. बेट म्हणजे एक खडक, उंदीर एकही नाही. शेजारची बाई रस्ताभर ओकत होती. पण धबधब्याजवळ बोट गेली, एक लाट अंगावर आली आणि मी नखशिखांत भिजले. ओठ चाटून पाहिले, खारट. समुद्र तो हाच.

संध्याकाळी मंडळी तिथेच, झाडाखाली. आमचे हे बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. समुद्राचं एका शब्दाने विचारलं नाही.

"अवं, एकाबी बोंडात अळी नाही!"

"मंग हेच कळंबात गिऱ्हाइकाईपुढं सांगजा," मी म्हटलं आणि ओला पदर त्यांच्या मातकट बुटांवर पिळला.