मामाजींची भीती काढायला गेलो

आधी कप खाली ठेवा, मग सांगतो. नाहीतर चहा नाकात जायचा! माझी जी फजिती झाली ना, ती बायकोनं आमच्या अख्ख्या बोरगाव मेघ्यात सांगून टाकली आहे. म्हटलं, आता माझ्या तोंडूनही ऐका.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे एकदा बोलायला लागलो की तास संपेपर्यंत थांबत नाही. आमचे सासरे, मामाजी, रोहण्याचे. वांग्याचं वावर आहे त्यांचं. एकदा नाल्याकाठी वाघ दिसला आणि त्यांनी वावरात पाय ठेवणंच सोडलं. ज्या माणसाला घरात घडीभर करमत नसे, तो दिवसभर ओसरीवर! सासूबाई एकट्या वांगी तोडून थकल्या. शेवटी मला बोलावणं आलं.

आता जावयाची इज्जत पणाला लागली, नाही का?

"मामाजी," मी सुरू केलं, "भीती वाघात नसते, मेंदूत असते. आत बदामाएवढा भाग असतो, अमिग्डाला. त्यातल्या काही पेशी घंटा वाजवतात, काही तिला गप्प करतात. रोज वावरात जाऊन शांत उभं राहायचं. काही होत नाही हे कळलं की गप्प करणाऱ्या पेशी जोर धरतात."

"थे ठीक हाय जी, पण तुमच्या सासूनं वावरात भों..."

"मध्ये बोलू नका! चला!"

बिचारे निघाले. माझा हात घट्ट धरून बांधावर उभे राहिले.

"श्वास घ्या."

"घेऊन राह्यलो."

"आता सोडा."

तेवढ्यात मागच्या वांग्यांतून डरकाळी!

अहो, श्वास कुठला सोडता! मी मामाजींचा हात सोडला, वावरातल्या राखणीच्या मचाणावर चढलो आणि, सांगायला लाज वाटते, शिडीही वर ओढून घेतली. सासरे खाली, जावई वर! वरून माझी बोंब, "वाघ! वाघ! वाचवा!" शेजारच्या वावरांतले लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावत आले.

आणि वांग्यांतून निघाल्या सासूबाई, डोक्यावर टोपलं घेऊन.

"काऊन बोंबलून राह्यले जी? वाघाच्या आवाजाचा भोंगा हाय थो. रानडुकराईले पळवाले मीनंच लावला. आत्ता बटन दाबलं."

"मी तेच सांगून राह्यलो होतो!" म्हणत मामाजी मटकन बांधावर बसले. भीतीनं नव्हे, हसून! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि दुसऱ्या दिवसापासून एकटे वावरात जायला लागले. उपचार लागू पडला की नाही?

त्या वेळी मात्र शिडी लावून, उसना भाव खात मी खाली उतरलो.

"मामीजी, भोंगा जबरदस्त आहे. डुकरं आता फिरकत नसतील?"

"कायचे जी! पह्यले चार दिवस पळाले. आता भोंग्याखालीच बसून वांगे खातेत. त्याईले समजलं ना, काही होत नाई म्हणून."

म्हणजे बघा, रोहण्याच्या डुकरांच्यासुद्धा गप्प करणाऱ्या पेशी कामाला लागल्या. एम.एस्सी. झालेल्याच्या तेवढ्या सुट्टीवर होत्या!