घरच्या माणसाचा नंबर

योगाच्या वर्गाला पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळे सांगतात, रिकाम्या पोटी जा, सैल कपडे घाल, फोन बाहेर ठेव. मला हे बायकोने सांगितलं होतं आणि त्यातलं फोनचं तेवढं मी ऐकलं. सकाळी सहाच्या वर्गाला दोन केळी आणि पेलाभर कॉफी पोटात ढकलून निघालो. पावणेआठला बोम्मसंद्राला जाणारी कंपनीची बस, मग नाश्त्याला वेळ कुठला? मनगटावर घड्याळ होतं. ते काढावं असं मनातही आलं नाही.

वर्ग चामराजपेटेत, आमच्या भाड्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. जुन्या घराच्या गच्चीवर पत्रे टाकून केलेली लांबट खोली, आणि वर जायला दोन अरुंद जिने. शिकवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, घरात मराठी, पण कानडी मिसळलेली ती मराठी ऐकताना पुण्याहून आलेला माझ्यासारखा माणूस अधूनमधून अडखळायचा. सगळे त्यांना अक्का म्हणत.

अक्कांचा एक नेम होता. नवीन माणूस आदल्या दिवशी नाव द्यायला आला की त्या हातात एक कार्ड ठेवत. नाव, वय, शरीराला काय त्रास, आणि खाली घरच्या माणसाचा नंबर. कार्ड घरी न्यायचं, त्या माणसाला वाचायला द्यायचं आणि त्याची सही घेऊन परत आणायचं, अगदी प्रगतिपुस्तकासारखं. सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याने बायकोची सही आणायची! मला रागच आला. मी जिन्यातच उभ्या उभ्या कार्ड भरलं. त्रासाच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं, बायकोची सही स्वतःच ठोकली आणि नंबरही माझाच दिला.

खरं सांगायचं तर राग कमी होता, भीती जास्त. पंधरा दिवसांपूर्वी कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या दंडाला दोनदा पट्टा बांधला, दोनदा आकडा बघितला आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात होती. बायको तिथे हात घालत नाही. योगाने दाब उतरेल, मग घरी सांगायचंच कशाला, असा माझा बेत. वडील गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात अशीच घडी घातलेली चिठ्ठी सापडली होती. ती हातात धरून आई किती वेळ नुसती बसून होती, ते मी बघितलेलं आहे. तरी मी तेच केलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

वर्गात मी थेट पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिलो. नवीन माणसाने मागे उभं राहावं हे कुणीच सांगत नाही. मागून बघता येतं, पुढे उभं राहिलं की दाखवावं लागतं.

आणि अक्कांनी सूर्यनमस्कार म्हटल्यावर तर माझी कळीच खुलली. हे काय मला शिकवणार? शाळेत रथसप्तमीच्या स्पर्धेला आमच्याइतके भराभर नमस्कार कुणी घालत नसे. वडील समोर उभे राहून मोठ्याने मोजायचे आणि मी त्यांच्या आवाजापुढे धावायचो. अक्कांचं सगळंच वेगळं. एकेका स्थितीत पाच पाच श्वास. शेजारची माणसं पहिल्या नमस्कारात ओणवी होती, तेव्हा माझा चौथा चालू होता.

"अण्णा, स्वल्प हळू," अक्का म्हणाल्या. "हितून बस सुटत नाही."

लोक हसले. मी पाचाऐवजी दोन श्वास थांबू लागलो आणि त्या दोन श्वासांत तीनदा घड्याळ बघितलं. सहा चाळीस. केळी वर येत होती. ओणवा होतो तो झटक्यात ताठ उभा राहिलो, आणि खिडकी काळी झाली. मग खोली काळी झाली.

डोळे उघडले तेव्हा मी सतरंजीवर आडवा होतो. पाय कुणीतरी उशीवर ठेवले होते. अक्कांनी कपाटातून माझं कार्ड काढलं, चष्मा लावला आणि त्यावरचा नंबर लावला. दाराबाहेर, माझ्याच बुटात, फोन वाजायला लागला.

तो बराच वेळ वाजला. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. अक्कांनी हातातल्या फोनकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरचं माणूस बुटात ठिवून आलात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बायकोचा नंबर सांगितला.

ती घरातल्या सपातांवरच आली. तिची पावलं जिन्यात दोनदा थांबली, ते मला पडल्या पडल्या ऐकू आलं. आल्याबरोबर तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग अक्कांनी पुढे केलेलं कार्ड वाचलं.

"माझी सही इतकी वाईट नसते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"रक्तदाब आहे," मी म्हणालो. "गोळ्या दिल्यात. घेत नाहीये. चिठ्ठी चार्जरच्या कप्प्यात आहे."

सगळ्या वर्गासमोर बोललो. तिने 'काही नाही' खोडून तिथे रक्तदाब लिहिलं, माझी खोटी सही खोडली आणि खाली आपली केली. अक्कांनी कार्ड परत घेतलं. "गोळ्या सुरू करा. डॉक्टर 'सरी, चालेल' म्हणाले की मग या. तंवर नाही."

आजची बस गेली तर गेली. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा अक्कांनी बायकोला हाक मारली. "आणि तुम्हाला? तुम्हाला काय त्रास?"

"मला? काही नाही."

विचार न करता, पटकन, हसत. आमच्या घरात हे उत्तर असंच देतात. वडील असंच द्यायचे. दोन जिने चढताना ती दोनदा का थांबली, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता आलं.

अक्कांनी एक कोरं कार्ड आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"लिही," मी म्हणालो.

तिने कार्ड भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे पाठ करून लिहायला लागली. त्रासाचा रकाना एका ओळीचाच होता. तो भरला, तशी तिने कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिली.