दर कुठवरचा?

यमुनाकाकींना कुणीही कशाचाही दर सांगितला की त्या एकच शब्द विचारायच्या, "कुठवर?" रिक्षावाल्याला हे विचारलं तर समजू शकतो. काकी ते सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींनाही विचारायच्या आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं होतं. गुरुजींनी "आरतीपर्यंत" असं सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्याचे पैसे वेगळे पडतील, हे कबूल केलं. काकी "बरं" म्हणाल्या. समाधान झालं की त्या एवढंच म्हणायच्या.

काकी गव्हाण गावच्या. अर्धं आयुष्य त्यांनी मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. पुढे घरची जमीन नव्या वसाहतीत गेली, मोबदल्याच्या पैशांत नवऱ्याने जुन्या पनवेलात प्लायवूडचं दुकान काढलं आणि दुकानाचा जम बसायच्या आतच तो गेला. जम काकींनी बसवला. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या आणि दुकानातल्या एकमेव फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसत होत्या. ती खुर्ची त्यांनी फिरवलेली मी कधी पाहिली नाही.

मी मूळचा पुण्याचा, राहायला नवीन पनवेलला. माझ्याकडे परदेशी व्यापाराची पदविका होती आणि काकींना परदेशातून थेट लाकडी फरशी मागवायची होती. ही फरशी म्हणजे खाली प्लायवूडचे थर आणि वर ओक किंवा सागाचा खरा पापुद्रा. तोवर त्या ती मुंबईच्या एका आयातदाराकडून घेत. त्याने नमुना पाठवला की काकी तो करवतीने मधोमध कापायच्या, कडेला पट्टी लावायच्या आणि विचारायच्या, "यान खरं लाकूड कवरं?" चार मिलिमीटरचा पापुद्रा आणि दोन मिलिमीटरचा पापुद्रा वरून अगदी सारखे दिसतात. दर दोघांचा एकच सांगितलेला असतो. माझ्या पदविकेत करवत नव्हती.

व्हिएतनामचा एक कारखाना मी शोधून काढला. तिथल्या विक्री विभागातल्या बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाईंनी चौरस मीटरचा दर डॉलरमध्ये सांगितला आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं जोडली. दर कुठपर्यंतचा हे सांगणारी अशी बरीच तीनअक्षरी नावं या धंद्यात आहेत आणि मला ती सगळी पाठ होती. ही अक्षरं मात्र मला नीट ऐकू आली नाहीत.

काकी पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "कुठवर?"

मी म्हणालो, "बंदरापर्यंत."

"कंच्या बंदरापत्तर? ईचार तिला."

आता खरं सांगतो. मला लाज वाटली. पलीकडे कोट घातलेली बाई, अलीकडे लुगडं नेसलेल्या काकी, आणि मधे मी. पदविका असून मी तिला "बाई, कुठलं बंदर?" असं विचारू? मी इंग्रजीत हवापाण्याचं काहीतरी बोललो, तीही हसून काहीतरी बोलली आणि मी काकींना सांगितलं, "आपल्या." काकी म्हणाल्या, "बरं."

त्याच भरवशावर मी मृणालला दर लिहून दिला. मृणाल कामोठ्यात कथक शिकवायची. तिने तिसऱ्या मजल्यावर एक हॉल भाड्याने घेतला होता, तीसेक मुलींच्या पालकांकडून सहामाहीची फी आगाऊ घेतली होती, आणि सगळे पैसे त्या हॉलमध्ये ओतले होते. लादीवर नाचून मुलींच्या टाचा जातात, म्हणून तिला लाकूडच हवं होतं. मी दिलेला दर तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, याच्यापुढे मात्र माझ्याकडे एक रुपया नाही. मी म्हणालो, काळजीच नको.

माल आला आणि कळलं, की बंदर त्यांचं होतं. म्हणजे जहाजाचं भाडं आपलं, विमा आपला, आणि भाडं व विमा मिळवून जी किंमत होते तिच्यावरची ड्यूटी आपली. त्यात मी एक दाखला मागवायला विसरलो होतो. तो येईपर्यंत माल बंदरावर पडून राहिला आणि त्या पडून राहण्याचंही भाडं निघालं. चौरस मीटरचा दर मी चौरस फुटाचा समजलो नाही, एवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मी सगळं काकींना सांगितलं. बंदराचं मी विचारलंच नव्हतं, हेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग मीच तोडगा सुचवला: आपल्या कागदावर दर कुठपर्यंतचा ते लिहिलेलं नाही, तेव्हा मृणालकडून वरचे पैसे मागता येतील. कायद्याने चालेल, असंही मी म्हणालो.

काकींनी कागद मागवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आमी मीठ इकायचो," त्या म्हणाल्या. "आगरावं येक दर, होडीवं दुसरा, बाजारान तिसरा. मीठ तेच. कुठवरचा दर ते आधी बोलायचं. जो बोलला नाय, त्यानं पाटी गिऱ्हाइकाच्या घरान नेऊन टाकायची. तू लिवलं नाय. मंग हा दर तिच्या पायाखालपत्तर."

त्यावर कायदा नव्हता. मी टेम्पो ठरवला.

टेम्पो कामोठ्याला पोचला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, की सामान लिफ्टमधून नेता येणार नाही. लिफ्ट माणसांसाठी आहे, अशी पाटीच होती. हमालांनी मजल्यामागे वेगळा दर सांगितला. मी सवयीने खिशात हात घातला. काकी टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरल्या आणि म्हणाल्या, हमाल नको. चूक तुझी, तवा वझं तुझं. कागद माझ्या दुकानाचा, तवा माझं पण.

खोकी अठ्ठावीस. एकेक पंचवीस किलोचं. पहिलं खोकं काकींनी पदराची चुंबळ करून डोक्यावर घेतलं आणि त्या जिना चढायला लागल्या. मी दुसरं छातीशी धरून मागून निघालो. पहिल्या मजल्यावरच मी खोकं कठड्याला टेकवलं. काकींची मान जराही हलत नव्हती. सेक्रेटरी दारात उभे राहून पाहत होते. चौथ्या खेपेला ते म्हणाले, आजींनी लिफ्टने जायला हरकत नाही. काकींनी विचारलं, डोक्यावरच्या खोक्यासकट? ते आत गेले.

आपल्या पाचव्या खोक्यानंतर काकी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या. श्वास लागला होता. मृणाल पाणी घेऊन धावत आली आणि त्यांच्याकडे पाहूनच तिला सगळं कळलं असावं. म्हणाली, "काकी, दर चुकलाय का? मी हप्त्याने देते."

"नाय चुकला," काकी म्हणाल्या. "फरशीच्या खोक्यावं पानी सांडू नको, बाय."

अठ्ठावीसपैकी तेवीस मी नेली. वर्ग ठरल्या दिवशी सुरू झाला.

काकींनी त्यानंतर परदेशातून काही मागवलं नाही, कारण मागवण्यापुरते पैसे उरले नव्हते. वर्षभराने त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की दोन पगार आता दुकानाला झेपत नाहीत. मग उरणच्या रस्त्यावर बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या एका ओळखीच्या मालकाला त्यांनी माझ्यादेखतच फोन लावला. म्हणाल्या, "पोरगा चुकतो. पन चुकला का वझं सोता उचलतो. अठ्ठावीस खोकी तीन माळे चढवली यानं, हमाल घेतला नाय." मालकांनी दुसऱ्या दिवशी मला ठेवून घेतलं. मी अजून तिथेच आहे.

काकी मागच्या वर्षी गेल्या. अठ्ठावीसमधली पाच त्यांनी डोक्यावरून नेली होती. फोन चालू होता तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि मला नोकरी हवी होती, म्हणून काही बोललो नाही.